थोरांवरच्या निबंधाचा प्रश्न चुकला आहे

साहित्यिक, इतिहासातील कर्त्या व्यक्ती आणि वास्तुकार यांच्यावर विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेण्याची प्रथा चालू ठेवावी की बंद करावी, या वादात दोन्ही पक्ष बरेच खरे बोलत आहेत आणि तरीही वाद जागचा हलत नाही. एक पक्ष म्हणतो की वाढत्या वयात डोळ्यांसमोर आदर्श हवेत आणि थोरांची चरित्रे लिहिताना ते मनात रुजतात. दुसरा म्हणतो की हे निबंध म्हणजे नकलेचा सराव आहे, त्यातून इतिहासाची समज वाढत नाही आणि आता तर संगणक ते मिनिटभरात लिहून देतो. पहिला संस्कारांविषयी बोलतो, दुसरा नकलेविषयी. निबंध लिहिताना विद्यार्थ्याने नेमके काय शिकायचे आहे, याची चर्चा कुणीच करत नाही. माझे मत असे की निबंध राहिला पाहिजे आणि त्याचा प्रश्न बदलला पाहिजे. ‘अमुक यांचे जीवन व कार्य’ हा विषय इतका मोठा आणि इतका हाताळून गुळगुळीत झालेला आहे की प्रामाणिक विद्यार्थ्यालाही त्यावर स्वतःचे एक वाक्य लिहिणे कठीण जाते. त्याऐवजी त्याच्या हाती एक पत्र, एक कविता, एक निर्णय किंवा एक इमारत द्यावी आणि विचारावे: या व्यक्तीने नेमके काय केले, आणि ते आपल्याला कशावरून कळते?

आजच्या निबंधाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. जन्म, बालपणीची गरिबी किंवा बालपणीच दिसलेली चुणूक, शिक्षण, संघर्ष, कार्य, मानसन्मान, निधन आणि शेवटी ‘त्यांचे कार्य पुढील पिढ्यांना प्रेरणा देत राहील’ हे वाक्य. नाव बदलले तरी साचा बदलत नाही. कवीवरचा निबंध वाचून त्याची एकही कविता आठवत नाही. वास्तुकारावरचा निबंध वाचून त्याच्या इमारतीत प्रकाश कुठून येतो हे कळत नाही. अज्ञानाचा अंधार दूर करणाऱ्या आणि अन्यायाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या व्यक्ती या निबंधांतून इतक्या सारख्या होतात की एकीच्या जागी दुसरी ठेवली तरी वाचणाऱ्याच्या लक्षात येऊ नये. ज्या माणसांनी आपल्या काळाचा साचा मोडला, त्यांना आपण वर्षानुवर्षे एकाच साच्यात ओतत आहोत, आणि याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, कारण साचा त्याने बनवलेला नाही.

मराठीने तरी हा साचा स्वीकारायला नको होता. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापाशी होतो तो ‘लीळाचरित्र’ हा चरित्रग्रंथच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्या स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, त्यांना विचारून आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेऊन. भक्ताने श्रद्धेने लिहिलेला हा ग्रंथ आहे, आणि तरीही त्यात कोण कुठे बसले होते, काय बोलले, काय खाल्ले, कुणाला राग आला, असले बारकावे भरलेले आहेत. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा परंपरेने तो फरक पुसला नाही, नोंदवून ठेवला. श्रद्धा आणि साक्षीपुरावा एका हाताने सांभाळता येतात, याचा इतका जुना दाखला घरात असताना, चरित्र म्हणजे स्तुतीच असते अशी समजूत आपण विद्यार्थ्यांची का करून द्यावी?

आदर्शांच्या पक्षाचे म्हणणे मला टाकाऊ वाटत नाही. माणूस माणसाकडून शिकतो. तत्त्वांच्या यादीपेक्षा एखाद्याने संकटात घेतलेला निर्णय मनात जास्त खोल जातो. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने अलेक्झांडरच्या चरित्राच्या आरंभी सांगून ठेवले आहे की तो इतिहास लिहीत नसून चरित्रे लिहितो आहे, आणि हजारो माणसे पडलेल्या लढाईपेक्षा एखादा सहज उद्गार माणसाचा स्वभाव अधिक उघड करतो. या विचाराशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते आदर्श घडवण्यासाठी तथ्याला मुरड घालण्याच्या सवयीशी. जॉर्ज वॉशिंग्टनने लहानपणी चेरीच्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि वडिलांपुढे खरे सांगितले, ही गोष्ट कित्येक पिढ्यांनी सत्यनिष्ठेचा धडा म्हणून वाचली. मेसन वीम्स या चरित्रकाराने वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर, १८००मध्ये, पुस्तक काढले. ही गोष्ट त्यात आली १८०६च्या आवृत्तीत, आणि तिला स्वतंत्र पुरावा मिळालेला नाही. ताजमहाल बांधणाऱ्या कारागिरांचे हात तोडल्याची कथाही अशीच समकालीन आधाराशिवाय निबंधांतून फिरत राहते. सत्यनिष्ठा शिकवणारी गोष्टच पडताळणीत टिकत नाही, हे विद्यार्थ्याला मोठेपणी कुठून तरी कळते, तेव्हा त्याचा विश्वास फक्त त्या गोष्टीवरून उडतो की ती सांगणाऱ्या सगळ्यांवरून? आदर्श हवेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच पुराव्याचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

छोट्या विषयाने काय साधते, याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. तुकाराम महाराजांवरच्या निबंधात आज गाथा इंद्रायणीत बुडवली, ती तरली, पुढे सदेह वैकुंठगमन, आणि मधे एखाद-दुसरा परिचित चरण एवढे असते. त्याऐवजी ‘याति शूद्र वैश्य केला वेवसाव’ हा एकच अभंग वर्गापुढे ठेवून पाहा. यात तुकाराम स्वतःचे चरित्र स्वतः सांगतात. सुरुवातीलाच म्हणतात की हे बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो. म्हणजे आत्मकथनाचा संकोच पहिल्याच कडव्यांत आहे. मग आईवडील गेले, दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला, एक स्त्री ‘अन्न अन्न’ करीत मेली, व्यवसायात तूट आली, लाज वाटू लागली. देवाचे देऊळ भंगले होते, ते नीट करावे असे मनात आले. एकादशीला कीर्तन करू लागलो, पण आधी चित्त अभ्यासात नव्हते, अशी कबुली आहे. संतांची उत्तरे पाठ केली, पुढे कवित्वाची स्फूर्ती झाली, निषेधाचा आघात झाला, वह्या बुडवल्या, धरणे धरून बसलो आणि नारायणाने समाधान केले.

या एका अभंगातून किती प्रश्न निघतात ते पाहावे. निषेध कुणी केला त्याचे नाव तुकाराम का घेत नाहीत? इथे ते फक्त ‘समाधान केले’ म्हणतात आणि दुसऱ्या एका अभंगात पाण्यात कागद राखल्याचा उल्लेख येतो. या दोन बोलण्यांचा मेळ कसा घालायचा? पत्नी गेल्याचे दुःख आणि व्यापार बुडाल्याची लाज ते एकाच श्वासात सांगतात, यावरून त्या दुष्काळाविषयी काय कळते? पाठांतराने सुरू झालेला माणूस कवी झाला, हे आपल्या ‘जन्मजात प्रतिभा’ या आवडत्या शब्दात बसते का? तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला यातला एक प्रश्न देऊन दोन पाने लिहायला सांगितले, तर ती जे लिहील ते चुकेल कदाचित, पण तिचे असेल. आणि तुकारामांविषयीचा तिचा आदर कमी होण्याचे तर काहीच कारण नाही. भुकेने माणूस गमावलेला, देणी आणि बदनामी सोसलेला, मन लागत नसताना अभ्यासाला बसलेला माणूस तिला चमत्काराच्या पलीकडून बोलताना ऐकू येईल. सावित्रीबाई फुल्यांनी १८५६मध्ये जोतीरावांना लिहिलेले पत्रही असेच वाचता येते. माहेरी आजारपण काढत असताना भावाने त्यांच्या कार्यावर ठपका ठेवला आणि त्यांनी त्याला उत्तर दिले, हे त्या सांगतात. समाजाचा विरोध घराच्या उंबऱ्याच्या आत कसा बोलतो, हे त्या पत्रातून कळते; ‘त्यांना अनेक अडचणींना तोंड द्यावे लागले’ या वाक्यातून कळत नाही.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत वजनदार मुद्दा. व्यक्तींवरच निबंध लिहायला लावले की इतिहास मोजक्या नावांनी घडवला असा समज होतो. हजारोंचे श्रम, संस्था, अर्थकारण, योगायोग हे सारे मागे पडते. हा आक्षेप जुना आणि खरा आहे. स्कॉटिश लेखक कार्लाइलने १८४०मध्ये वीरपुरुषांवर व्याख्याने देऊन जगाचा इतिहास म्हणजे थोरांची चरित्रे असा पक्ष मांडला, तेव्हा इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने पुढे त्याला उत्तर दिले की थोर माणूस समाजाला घडवण्याआधी समाजाने त्याला घडवलेले असते. माझ्या मते स्पेन्सरचे उत्तर अधिक सकस आहे. पण त्यावरून व्यक्तीवरचा निबंधच काढून टाकावा, हे मला पटत नाही. समूहाचा वाटा दाखवायचा तर तो कुठल्या तरी नावापाशी थांबूनच दाखवता येतो, कारण विद्यार्थ्याच्या कानावर आधी नाव आलेले असते. त्या नावाला प्रश्न विचारायला शिकवणे हाच समूहापर्यंत जाण्याचा रस्ता आहे.

वास्तुकलेत हे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि म्हणून वास्तुकारांवरचे निबंध अभ्यासक्रमात वाढावेत असे मला वाटते. कविता एकट्याने लिहिता येते, इमारत एकट्याने बांधता येत नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे उदाहरण घ्या. डेन्मार्कच्या यॉर्न उत्झन यांनी १९५७मध्ये स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्या आराखड्यातली शिडांसारखी छते उभी कशी करायची, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ओव्ह अरुप यांच्या अभियंत्यांबरोबर वर्षानुवर्षे झटापट झाली, आणि अखेर सगळी कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापली तर त्यांचे तुकडे साच्यांतून तयार करता येतील, ही युक्ती सापडली. पुढे खर्च आणि अधिकार यांवरून सरकारशी बेबनाव होऊन उत्झन यांनी १९६६मध्ये काम सोडले. आतली सभागृहे पीटर हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केली. सुमारे ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, इमारत १९७३मध्ये खुली झाली आणि उत्झन ती पूर्ण झालेली पाहायला कधीच गेले नाहीत. २००३मध्ये त्यांना वास्तुकलेतला प्रतिष्ठेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. आता ‘यॉर्न उत्झन: जीवन व कार्य’ असा विषय दिला तर या सगळ्याचे दोन गोड परिच्छेद होतील. ‘ऑपेरा हाउसचे वास्तुकार कोण?’ असा विषय दिला, तर कल्पना सुचणे, ती बांधण्याजोगी करणे आणि अर्धवट टाकलेले काम निभावून नेणे यांतल्या कशाला कर्तृत्व म्हणायचे, हे विद्यार्थ्याला ठरवावे लागेल. पीटर हॉल यांचे नाव त्याला शोधून काढावे लागेल. या प्रश्नाचे एकच बरोबर उत्तर नाही. म्हणून तर तो निबंधाचा प्रश्न आहे. चंदीगडविषयीही हेच. त्या शहराचे वास्तुकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांच्या नावाखाली अल्बर्ट मायर आणि १९५०मध्ये विमान अपघातात दगावलेले मॅथ्यू नोविकी यांचा पहिला आराखडा, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांचे गृहनिर्माण, पिएर जानरे यांची तिथे घालवलेली वर्षे, हे सारे झाकले जाते.

विद्यार्थ्यांनी असे प्रश्न विचारल्याने काही घडते का? अमेरिकन वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरी यांना १९९१मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला तो एकट्याला. त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या डेनिस स्कॉट ब्राउन यांना वगळण्यात आले. २०१३मध्ये हार्वर्डच्या वास्तुकलेच्या विद्यार्थिनींनी ही चूक दुरुस्त करावी म्हणून जाहीर याचिका काढली. जगभरातील वास्तुकारांनी, खुद्द व्हेंचुरींनीही, तिच्यावर सह्या केल्या. आधीच्या निवड समितीचा निर्णय आपण बदलू शकत नाही, असे सांगून ती मागणी नाकारली गेली. तरीही आज व्हेंचुरींविषयी लिहिणाऱ्या कुणालाही स्कॉट ब्राउन यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. गौरवाच्या यादीत कोण नाही, असे विचारण्याची सवय ज्यांना लागली होती, त्यांनीच हे घडवले.

यंत्राने लिहिलेल्या निबंधांची तक्रार मी हलकी मानत नाही. ज्यांना वह्या तपासाव्या लागतात त्यांची हतबलता खरी आहे. पण नक्कल यंत्राबरोबर आली असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. चीनमधील सरकारी अधिकारी निवडण्याच्या शाही परीक्षांत ठरावीक आठ भागांचा निबंध शतकानुशतके लिहावा लागे, आणि उत्तीर्णांचे नमुना निबंध छापून विकले जात. उमेदवार मूळ ग्रंथ बाजूला ठेवून नमुने पाठ करत. सतराव्या शतकातील गू यानवू या विद्वानाने या निबंधाची हानी प्राचीन चिनी सम्राटाने केलेल्या ग्रंथदहनाइतकीच भयंकर असल्याचे म्हटले होते. परीक्षापद्धती १९०५मध्ये संपली. तोवर किती बुद्धिमान माणसांचे तारुण्य त्या आठ भागांत गेले असेल? ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांचे सारखेच असणे अपेक्षित आहे, त्याचे उत्तर कुठून तरी तयार मिळणारच: पूर्वी मार्गदर्शिकेतून, आज यंत्रातून. मात्र छोटा प्रश्न दिला की यंत्राचा उपयोग बंद होईल, असा दावा मी करणार नाही, कारण तुकारामांच्या अभंगावरही यंत्र चार परिच्छेद लिहून देईल. फरक पडतो तो नंतरच्या पाच मिनिटांत. अभंग समोर ठेवून ‘तू हे वाक्य कोणत्या ओळीवरून लिहिलेस?’ असे विचारता येते. ‘जीवन व कार्य’ लिहून आणणाऱ्याला असे काय विचारणार? त्याच्यापुढे बोट ठेवायला ओळच नसते.

पाच मिनिटे कुठून आणायची, हा शिक्षकांचा प्रतिप्रश्न रास्त आहे. एका वर्गात साठ-सत्तर मुले असतील तर प्रत्येकाशी बोलणे अशक्य आहे, आणि असल्या सूचना करणाऱ्यांनी ते विसरू नये. यावर मला दिसणारा उपाय म्हणजे निबंधांची संख्या कमी करणे. वर्षाला दहा थोर व्यक्ती लिहून घेण्यापेक्षा दोनच घ्याव्यात. पहिला कच्चा मसुदा वर्गात हाताने लिहून घ्यावा, आणि तोंडी प्रश्न सगळ्यांना न विचारता दर वेळी काही जणांना, आधी न सांगता, विचारावेत. विद्यार्थ्यांची तेवढी कुवत नसते, हा आक्षेप मात्र मला मान्य नाही. खेळाच्या मैदानावर बाद दिलेल्या निर्णयावरून हीच मुले कोण कुठे उभा होता, कुणाला दिसू शकत होते आणि कोण आपल्या गड्याची बाजू घेतो आहे, याचा बारीक युक्तिवाद करतात. साक्षीची पारख त्यांना येते; वहीत ती चालते, हे कुणी त्यांना सांगितलेले नाही.

शेवटचा आक्षेप सहसा दबक्या आवाजात घेतला जातो: पूज्य व्यक्तींविषयी पुरावा मागायला शिकवले तर भावना दुखावतील. ही भीती काल्पनिक नाही आणि तिचा भार शिक्षकावर एकट्यावर पडतो, हेही खरे. पण छत्रपती शिवाजी महाराजांविषयी मराठीत काय घडले आहे ते पाहावे. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. १८६९मध्ये महात्मा फुल्यांनी पवाडा रचून त्यांना कुळवाडीभूषण म्हटले. १९००मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयाचा संबंध संतांनी घडवलेल्या लोकजागृतीशी जोडला. आणि १८९८पासून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी जुन्या घरांच्या माळ्यांवरून कागद मिळवून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढायला सुरुवात केली, बखरींच्या चुका समकालीन कागदांवरून दाखवल्या. या चौघांचे महाराज एकसारखे नाहीत. चौघांचाही आदर उत्कट आहे आणि चौघांनीही एकमेकांशी न जुळणारे लिहिले आहे. यांपैकी दोघांचे एकेक पान शेजारी ठेवून, दोघे कुठे वेगळे पडतात आणि का, एवढेच विद्यार्थ्याला विचारले तर त्यात अनादर कुठे येतो? राजवाड्यांनी भूक-तहान विसरून जे कागद वेचले ते कुणी कधी उघडूच नयेत, यापेक्षा मोठा अनादर मला सुचत नाही.

हे सगळे अखेर गुणदानापाशी येऊन अडते, आणि बदल तिथूनच सुरू करावा लागेल. आज प्रस्तावनेला गुण आहेत, मुद्द्यांना आहेत, सुवचनाला आहेत, शुद्धलेखनाला आणि समारोपाला आहेत. ‘या प्रसंगाविषयी दोन ठिकाणी दोन वेगळी वर्णने सापडली, त्यांतले पहिले मला अधिक विश्वसनीय वाटते, कारण ते लिहिणारा तिथे हजर होता’ असे एखाद्या मुलाने लिहिले, तर त्या वाक्याला गुण द्यायला तपासनिसाच्या तक्त्यात रकाना नाही. म्हाइंभटांच्या परंपरेत मात्र ते वाक्य ग्रंथातच लिहून ठेवले गेले होते.